गच्ची भरण्याची विद्या

आमच्या घरमालकांना समुद्र मुळीच आवडत नसे. "खारं पाणी, दुसरं काय," असं म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईच्या गोदीत जहाजांवर माल चढवून घेण्यात काढली, पण स्वतः जहाजानं कुठे गेले नाहीत. एकदा कुणी हौसेनं लाँचमधून घारापुरीला नेलं, तर जाताना आणि येताना ओकत होते. हे ते आपण होऊन सांगत आणि सांगताना त्यांना जराही ओशाळं वाटत नसे.

"जहाज चालवणं म्हणजे टांगा हाकणं. लगाम धरला की झालं. जहाज भरणं, ती विद्या आहे."

ही विद्या घेऊन ते येऊन राहिले होते उज्जैनला. इथं पाणी म्हणजे क्षिप्रा, आणि उन्हाळ्यात तिच्यात म्हशी बसल्या तरी त्यांच्या पाठी कोरड्या राहायच्या. माधवनगरात त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते आणि काकू, वर आम्ही भाडेकरू, आणि आमच्या डोक्यावर गच्ची. माझे वडील शिक्षण खात्याच्या कचेरीत होते. राज्य तेव्हा मध्य भारत. ते मोडणार, दुसऱ्यात मिसळणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, अशा बातम्या रोज संध्याकाळी फ्रीगंजातून वडिलांबरोबर भाजीच्या पिशवीत घरी येत.

आम्ही सामान घेऊन पहिल्यांदा दारात आलो, तेव्हा काका, म्हणजे घरमालक, जिन्याच्या पहिल्या पायरीवर हात आडवा करून उभे होते.

"भारी काय काय आहे?"

वडील म्हणाले, "पुस्तकं आहेत. एक लाकडी कपाट आहे."

"पुस्तकं पूर्वेच्या भिंतीला. कपाट पश्चिमेच्या. आणि वहिनी कुठं झोपणार?"

माझी आई अंगानं भरलेली होती. तिनं हे ऐकलं आणि पुढचे कितीतरी दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. काकांना त्याचा पत्ताही नव्हता. ते जिन्याच्या भिंतीवर खडूनं आमच्या बिऱ्हाडाचा नकाशा काढण्यात गुंग होते. त्यात कपाटाला चौकोन होता, पुस्तकांना चौकोन होता आणि आईला गोल.

टॉवर चौकातले टांगेवाले त्यांना 'जहाजवाले बाबूजी' म्हणत आणि लांबून दिसले की घोडा दुसरीकडे वळवत. कारण काका टांग्यात नुसते बसत नसत. आधी बसलेल्यांना उठवत, त्यांचं सामान खाली काढत, मग "आप आगे, बहनजी पीछे, बोरी बीच में" असं करत टांगा नव्यानं भरत. टांगा उलाळ होऊन घोडा उचलला जाऊ नये म्हणून. टांगा खरोखर सुरेख तोलला जायचा. तोवर स्टेशनात गाडी येऊन गेलेली असायची.

माळव्यात वैशाखात वर्षाचा गहू भरतात. आमच्याकडेही पोती यायची, वाळवून कोठीत जायची, आणि त्या दिवशी काका वर हजर. गव्हाच्या बाबतीत त्यांचा कुणावर विश्वास नव्हता, गव्हावर तर नव्हताच.

"वहिनी, धान्याइतका लबाड माल नाही. दिसतो घट्ट, वागतो पाण्यासारखा. फाळक्यात जरा जागा रिकामी राहिली, जहाज एका बाजूला कललं, की सगळा गहू धावत त्याच बाजूला जातो. मग जहाज उठत नाही. म्हैस बसते तसं बसतं. चांगली चांगली जहाजं मी अशी गेलेली ऐकली आहेत."

फाळका म्हणजे जहाजाच्या पोटातली माल भरायची जागा. आमची कोठी हा त्यांच्या लेखी फाळकाच. ती वर्षभर पूर्ण भरलेली असली पाहिजे. आता आम्ही गहू खाणार, म्हणजे ती रिकामी होणार. त्यावर उपाय म्हणून जेवढा गहू आम्ही खाऊ तेवढी रिकामी पोती वरून कोंबायची, असा त्यांचा हुकूम होता.

आई म्हणाली, "काका, आमची कोठी काय लाटांवर आहे?"

"जमीन हलत नाही असं तुम्हाला सांगितलं कोणी?"

आईनं पोती कोंबली. भाडं कमी होतं आणि नळाला पाणी होतं.

तांदळाचा किस्सा ते जेवायच्या वेळेला सांगत. एका जहाजात तांदूळ भरला होता, तळाला बारीक भोक पडलं, पाणी आत आलं. पाणी फार नव्हतं, जहाज बुडालं नसतं. पण तांदूळ फुगला. फुगत फुगत गेला आणि त्यानं जहाजाचे लोखंडी पत्रे आतून उसवले. "भातानं जहाज फोडलं! नुसत्या भातानं! वरणसुद्धा नव्हतं बरोबर." हा किस्सा सांगितल्यावर ते आपल्या ताटातल्या भाताकडे आदरानं पाहत. आमच्याकडे हरभरे भिजत घातलेले दिसले की, "वहिनी, भांडं मोठं घ्या," असं जिन्यातूनच ओरडत.

थंड समुद्रात उभ्या उभ्या मधून मोडलेली जहाजं, पुलाखाली अडकलेली जहाजं, नारळ घेऊन निघालेलं आणि बुडाल्यावर नारळ किनाऱ्याला लावून स्वतः तळाशी राहिलेलं जहाज. त्यांच्याकडे साठा होता. मोठ्या विमानांचं प्रेम त्यांना मागाहून जडलं, फ्रीगंजच्या वाचनालयात. विमानाविषयी बोलताना मात्र त्यांचा सूर बदलायचा. श्रीमंत नातेवाइकाचं लग्न फसल्याची बातमी सांगताना माणसाच्या तोंडावर जसं समाधान येतं, तसं समाधान त्यांच्या तोंडावर यायचं.

"अमेरिकेत एकानं लाकडाचं विमान केलं. आपल्या टॉवर चौकात पंख पसरले तर दोन्ही बाजूंची दुकानं जातील, एवढं. पाण्यावरून उडायचं. आता विचारा, उडालं का?"

"उडालं का?" आम्ही विचारायचो.

"उडालं. एकदा. किती उंच? संक्रांतीला तुमचे पतंग जातात ना, त्याच्याही खाली. थोडं गेलं, खाली बसलं, आत नेऊन झाकून ठेवलं. आता कोणी विचारलं तर सांगतात, आहे, छान आहे."

इंग्रजांच्या एका विमानाची गोष्ट त्यांना त्याहून प्रिय होती. ते इतकं अवाढव्य, की त्याला धावायला जागा हवी म्हणून एक गावच्या गाव उठवलं. लोकांना दुसरीकडे घरं दिली. विमान झालं, उडालंही झकास, आणि मग कुणी विकतच घेईना. शेवटी मोडीत काढलं.

"विमान गेलं. गाव गेलं. धावपट्टी तेवढी उरली."

वडिलांना ही गोष्ट सोसत नसे. त्यांना त्यात भोपाळ दिसायचं.

"राज्याचंही तेच आहे हो," काका त्यांना धीर द्यायला म्हणत. "आपल्या मध्य भारताला राजधान्या किती? दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. म्हणजे वजन दोन्ही टोकांना आणि मध्ये पोकळ. असं जहाज मी असतो तर बंदरातून सोडलंच नसतं. ते मोडणार ते मधूनच."

"आणि मध्ये कोण आहे?"

"आपण. उज्जैन."

वडील उठून आत जायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही. ती काकूंनी आईला सांगितली आणि मी ऐकली. लढाई चालू असताना मुंबईच्या गोदीत एका जहाजात आग लागून मोठा स्फोट झाला होता. त्या जहाजात दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्याही होत्या. काका त्या वेळी आपल्या वडिलांच्या श्राद्धाला उज्जैनला आले होते. ज्यांच्या पंगतीला रोज डबा खायचे, त्यांतले बरेच जण त्यांना पुन्हा दिसले नाहीत. काका परत गेले, हिशेब करून नोकरी सोडली आणि साठवलेल्या पैशांत हे घर बांधलं. "तबसे असेच आहेत," काकू म्हणाल्या. "कशाच्या बाजूला काय ठेवलं, तेच बघत राहतात. मी मिठाच्या बाजूला साखर ठेवली तरी उठून येतात." काकू उज्जैनच्याच, जन्मापासून. त्यांचं अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत असायचं आणि पूर्ण वाक्य नेहमी बरोबर असायचं.

आता ताईच्या लग्नाचं सांगते.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ज्येष्ठात ठरलं, तेव्हा घरात आनंदापेक्षा घाई जास्त होती. ज्येष्ठानंतर चातुर्मास. आणि त्यातच गुरू सिंहेत जाणार, म्हणजे सिंहस्थ. उज्जैनच्या लोकांना सिंहस्थ म्हणजे साधू, मेळा आणि महाराष्ट्रातून अंथरूण घेऊन येणारे नातेवाईक. पण मुलीच्या बापाला सिंहस्थ म्हणजे एवढंच, की वर्षभर लग्नाला मुहूर्त नाही. वर्षभरानं आमची कचेरी कुठं असेल, आम्ही कुठं असू, आणि ग्वाल्हेरचं ते स्थळ कुठं असेल, याचा नेम नव्हता. हा मुहूर्त शेवटचा होता. ताईला मुलगा आवडला होता. ती तसं बोलली नव्हती, पण सबंध महिना ती भांडली नाही, यावरून आम्ही ओळखलं.

मुलगा छत्रीच्या काडीसारखा होता. त्याचे वडील मात्र दरबारी घराण्यातले. त्यांची जहागीर गेली होती, पण जहागीरदार जायचे होते. उंच, रुंद, पुढून आणि मागून सारखेच भरलेले. त्यांचे दोघे भाऊ त्याच मापाचे. जिथं जातील तिथं तिघं एका ओळीत चालायचे, आणि रस्त्यानं वाट द्यायची.

आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन आणि पंगत. ज्येष्ठातला उकाडा, म्हणून पंगत गच्चीवर. वडील परवानगी मागायला खाली गेले, तर काका लगेच तयार.

"गच्ची तुमचीच आहे. फक्त भरणार मी."

वडिलांच्या डोक्यात त्या वेळी हलवाई होता, मांडव होता, बर्फ होता. त्यांना वाटलं, काका पाट मांडायचं काम अंगावर घेताहेत. म्हणाले, "वा! मोठी मदत होईल."

संध्याकाळी पाहुणे येऊ लागले तेव्हा काका जिन्याच्या तोंडाशी गच्चीवर उभे होते, इस्त्रीचं धोतर नेसून. त्यांचा दावा होता की जिना चढताना माणूस पायरीवर पाय कसा टाकतो, त्यावरून त्याचं वजन कळतं. ते नुसते कान देऊन ऐकत आणि हात दाखवत. "तुम्ही तिकडे. आप इधर. अहो साब, तुम्ही भिंतीला."

गच्ची लोखंडी गर्डरवर दगडी फरशा टाकून केलेली होती. मध्यभागी वजन नको, जे काय भारी असेल ते भिंतीच्या डोक्यावर, हा काकांचा कायदा. त्यांनी त्याची बरोबर अंमलबजावणी केली. रांगोळी, समई, चांदीचं ताट असलेल्या मधल्या मानाच्या पाटांवर वडिलांच्या कचेरीतले हडकुळे कारकून बसले होते, बावरून. त्यांच्या मधोमध नवरामुलगा, कारण तो काडी. आणि व्याही, त्यांचे दोन्ही भाऊ आणि मुलाचे वजनदार मामा, हे सगळे गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपापाशी.

व्याही बसले नाहीत. पाटाकडे बघत राहिले.

"हे काय आहे?"

"तुमची जागा," काका म्हणाले.

"मुलगा समईपाशी आणि बाप पिंपापाशी? आमच्या घराण्यानं दरबारात कधी कोपरा पाहिला नाही!"

"दरबाराला तुळया कसल्या होत्या?" काकांनी मनापासून विचारलं.

"म्हणजे?"

"सागवानी असतील तर गोष्ट वेगळी. ही साधी गर्डर आहे साब. आपण तिघं भाऊ मिळून साधारण किती भराल?"

गच्चीवर सगळं गप्प झालं. वाढपी हातात वरणाचं भांडं घेऊन तसाच उभा. मग व्याह्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि भावाला म्हणाले, "सामान बांधायला सांगा. रात्रीची गाडी मिळते."

नवरामुलगा अर्धा उठला, बापाकडं पाहिलं, पुन्हा बसला, पुन्हा अर्धा उठला. मी जिन्यात होते. खाली आमच्या खोलीच्या दारात ताई उभी होती, हिरव्या बांगड्या भरलेली, आणि वर बघत होती. तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण गप्प झालेलं ऐकू आलं होतं. आई तिच्या मागं उभी होती. पंगतीतून वऱ्हाड उठून गेलेल्या मुलीचं पुढं काय होतं, हे आम्हा तिघींपैकी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

वडिलांनी हात जोडले. व्याह्यांपुढं जोडले, भावांपुढं जोडले, चुकून वाढप्यापुढंही जोडले. मग स्वतः पाट उचलून त्यांनी सगळी मांडणी बदलली. कारकून कोपऱ्यात गेले. सुटका झाल्यासारखे गेले. व्याही आणि त्यांचे भाऊ मध्ये आले, समईपाशी, रांगोळीत, मानानं.

काकांनी हे सगळं पाहिलं. ओरडले नाहीत. वडिलांना एवढंच म्हणाले, "ठीक आहे. मग मी खाली जातो," आणि जिना उतरले.

"आता हे रुसले," वडील पुटपुटले. "लग्नात मालकांचा रुसवा! हे एकच राहिलं होतं."

पंगत सुरू झाली. पानाभोवती पाणी फिरवून झालं, चित्राहुती घालून झाल्या, आपोष्णी घेतली. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एकदा हे केलं की माणूस जेवण संपेपर्यंत पाटावरून उठत नाही. उठला की त्याचं जेवण संपलं. त्या काळच्या, त्या वयाच्या पुरुषांना हे मोडणं शक्यच नव्हतं.

व्याह्यांचा जय झाला होता, म्हणून ते आता उदार झाले होते. काकू तूप वाढायला आल्या तेव्हा त्यांनी हसून विचारलं, "मालक दिसत नाहीत! त्यांनाही बसवा की पंगतीला. आमच्या मनात काही नाही."

"ते खाली बसलेत," काकू म्हणाल्या.

"खाली कशाला?"

"वरच्या बिऱ्हाडात, मधल्या खोलीत. तुमच्या बरोबर खाली." काकूंनी तुपाची धार धरली, ती अजिबात हलली नाही. "मला बोलले, गच्चीचं जे होईल ते होईल, पहिला माझ्यावर. किसी और पर नहीं. तूप घ्या ना आणखी."

व्याह्यांचा घास हातात राहिला. त्यांनी खाली फरशीकडे पाहिलं. मग डावीकडच्या भावाकडे. त्याच्या पोटाकडे. मग उजवीकडच्या. काकू शांतपणे पुढच्या पानाकडे गेल्या.

"इथं वारा लागत नाही," व्याही थोड्या वेळानं म्हणाले.

"कोपऱ्यात बरा असेल," धाकटा भाऊ लगेच म्हणाला.

पण उठायचं कसं? चित्राहुती घातलेल्या. त्यांनी भटजींकडे पाहिलं. आमचे भटजी स्वतः चांगले भरलेले होते आणि त्यांनी काकूंचं बोलणं ऐकलं होतं. त्यांनी डोळे मिटून क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि निकाल दिला.

"पाट सुटला नाही म्हणजे उठणं झालं नाही."

मग मी जे पाहिलं ते पुन्हा कुठल्या लग्नात पाहिलं नाही, आणि पुढं मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था सांभाळताना मी पंगती काही कमी पाहिल्या नाहीत. व्याह्यांनी एका हातानं चांदीचं ताट पुढं ढकललं, दुसऱ्या हातानं पाट धरला आणि बसल्या बसल्या सरकले. वीतभर. पुन्हा ताट, पुन्हा पाट. त्यांच्यामागून भाऊ. त्यांच्यामागून मामा. रांगोळी पुसली गेली, वरण हिंदकळलं, समईला वळसा घालण्यात आला. दरबारी घराणं भिंतीकडे निघालं होतं, न उठता. भटजी उलट्या दिशेनं, दुसऱ्या भिंतीकडे. कुणी हसलं नाही. आमच्या बाजूचे सगळे पानात बघून जेवत होते, आणि कारकुनांपैकी एकाला जबरदस्त ठसका लागला होता. शेवटी समईपाशी मध्यावर उरला नवरामुलगा, एकटा, आणि तो मजेत जिलबी खात होता.

आईनं मला काकांसाठी ताट घेऊन खाली धाडलं. मी घाबरतच मधल्या खोलीत डोकावले. खोली रिकामी. काका पलीकडच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले होते, जाड भिंतीच्या आत, चौकटीखाली. हातात पंखा, कान वर.

"ऐकलंस? माल सरकला. आता पश्चिमेच्या भिंतीला लागला. दोन नग अजून रस्त्यात आहेत."

"काका, तुम्ही तर मधोमध बसला होता ना?"

"मधोमध?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी शाळेत काय शिकते असा त्यांना प्रश्न पडला असावा. "मधोमध कोण बसतं? वरून गच्ची आली असती तर?"

"पण काकू बोलल्या..."

"काकू बोलली ते बरोबरच बोलली. मीच सांगितलं होतं बोलायला. बेटा, पोतं उचलून हलवता येतं. माणूस उचलायला गेलं की मान मध्ये येतो. त्याला स्वतःहून हलावंसं वाटलं पाहिजे." वरून खर्र असा आवाज आला. त्यांनी बोट वर केलं. "हा मामा." मग ताट ओढून घेतलं. "जिलबी एकच का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्तावर लग्न लागलं. मांडव अंगणात होता, जमिनीवर, त्यामुळे काकांना त्यात रस नव्हता. ताई सासरी गेली. व्याही निघताना काकांच्या पाया पडतात की काय असं वाटलं, पण त्यांनी फक्त लांबून नमस्कार केला. ते जिन्याखाली उभे होते आणि काका जिन्यावर.

पुढच्या वर्षी सिंहस्थ झाला, पाहुणे आले, आणि पावसाळा संपल्यावर राज्य मोडलं. आम्ही भोपाळला निघालो. ट्रक अर्थातच काकांनी भरला. सकाळी सुरुवात केली ती दुपार उलटून गेली तरी चालूच. कपाट दोनदा चढवलं आणि दोनदा उतरवलं. सगळं झाल्यावर आई पुढच्या सीटवर चढायला लागली, तेव्हा ते काहीतरी बोलणार होते. आईनं फक्त वळून पाहिलं. ते मागच्या दोरीची गाठ तपासायला गेले. त्यांना काही गोष्टी कळायला लागल्या होत्या.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी कामानिमित्त उज्जैनला गेले आणि त्यांच्याकडे डोकावले. काका वाकले होते, पण आवाज तोच. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही, हाताला धरून आधी वर नेलं.

गच्ची कोसळली होती. मध्ये नाही. मध्ये एक फरशीसुद्धा हलली नव्हती. कोपरा गेला होता, पश्चिमेच्या भिंतीचा, बरोबर जिथं त्यांनी व्याह्यांना बसवायचं ठरवलं होतं आणि जिथं ते सरकत सरकत जाऊन बसले होते. तिथंच पन्हाळीचं तोंड होतं. वर्षानुवर्षं पावसाचं पाणी भिंतीत मुरून गर्डरचं टोक गंजलं होतं, आणि एका पावसाळ्यात सगळं खाली आलं. खोली रिकामी होती म्हणून कुणाला काही झालं नाही. भगदाडातून खालची खोली दिसत होती.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मी काय विचार करते आहे ते त्यांना कळलं असणारच.

"बघ," ते भगदाडाकडे बोट करून म्हणाले. "मी तेव्हाच सांगितलं होतं, भारी माणसं आहेत."

मागून काकू म्हणाल्या, "अजून इनको यही लगता है!"

काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मग त्यांनी ताईची चौकशी केली. मी सांगितलं, मजेत आहे, मुलं मोठी झाली.

"आणि सासरे?"

"आहेत. पण साखरेच्या आजारानं अगदी वाळलेत हो. ओळखू येत नाहीत."

काकांनी मनाशी काहीतरी मोजलं. गच्चीच्या मध्यावर जाऊन त्यांनी एका फरशीवर टाच आपटून पाहिली.

"मग नातीच्या लग्नाला इथं आण त्यांना," ते म्हणाले. "आता मध्ये बसवू."